कारण न सापडणारे वंध्यत्व : उपचार आणि बाजार

महाविद्यालयीन सेवकांच्या एका सहकारी पतपेढीच्या कर्जसमितीवर प्रस्तुत लेखकाने काही वर्षे काम केले आहे. कर्जाच्या अर्जात ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना असतो. घरबांधणी, मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे आजारपण, बहिणीचे लग्न ही कारणे अर्जदार निःसंकोचपणे लिहितात. परंतु दर वर्षी एक-दोन अर्ज असे येतात की, ज्यांत ‘घरगुती अडचण’ एवढेच लिहिलेले असते. जामीनदाराशी खाजगीत बोलल्यावर कळते की, अर्जदाराच्या लग्नाला सात-आठ वर्षे झाली आहेत, मूल नाही आणि शहरातील एखाद्या दवाखान्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयत्नासाठी पैसे भरावयाचे आहेत. दोष कोणात आहे हे विचारण्याचा समितीला अधिकार नाही व समितीने तसे कधी विचारलेही नाही. पण अर्जदार आपण होऊन बोलू लागला, तर बहुधा एकच वाक्य ऐकावयास मिळते : ‘दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल आहेत.’

ऐकणाऱ्याला हे वाक्य दिलासा देणारे वाटते. ज्यांच्याविषयी ते उच्चारले जाते, त्यांना मात्र ते फार जाचक ठरते. रोगाचे नाव कळले तर निदान त्यावर इलाज आहे की नाही, हे तरी कळते. नावच नसेल तर नातेवाइकांच्या तर्कांना व सल्ल्यांना ऊत येतो, आणि बाजारात जे जे मिळते ते ते करून पाहावे लागते. या प्रश्नाला वैद्यकीय बाजू आहे हे उघड आहे. परंतु अपुऱ्या माहितीच्या आधारे माणसे आपली आयुष्याची बचत कशी खर्च करतात, असा अर्थशास्त्राचाही प्रश्न त्यात आहे. म्हणूनच एका अर्थशास्त्राच्या अध्यापकाने त्यावर लिहिण्याचे धाडस केले आहे.

‘अकारण’ नव्हे, अज्ञात

संततिनियमनाचे कोणतेही साधन न वापरता बारा महिने नियमित शरीरसंबंध असूनही गर्भधारणा झाली नाही, तर त्या स्थितीला वैद्यकशास्त्र वंध्यत्व म्हणते. स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनंतरच तपासणी सुरू करावी, असा संकेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे दर सहांमागे एका व्यक्तीला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. तेव्हा ही काही चार-दोन अभागी घरांची गोष्ट नव्हे.

अशा जोडप्यांच्या तपासणीत मुख्यतः तीन प्रश्नांची उत्तरे शोधली जातात. बीजकोशातून स्त्रीबीज नियमितपणे बाहेर पडते काय? गर्भनलिका मोकळ्या आहेत काय आणि गर्भाशयाची रचना ठीक आहे काय? पुरुषाच्या वीर्यात शुक्रजंतूंची संख्या व हालचाल पुरेशी आहे काय? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अनुकूल आली आणि तरीही गर्भ राहिला नाही, म्हणजे ‘कारण न सापडणारे वंध्यत्व’ असा निष्कर्ष काढला जातो. तपासणीस येणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे तीस टक्क्यांपर्यंत जोडपी या गटात मोडतात.

काही जण याला ‘अकारण वंध्यत्व’ म्हणतात. तो शब्द दिशाभूल करणारा आहे. कारण असते, उपलब्ध तपासण्यांना ते सापडत नाही, एवढाच याचा अर्थ. गर्भनलिका मोकळी आहे हे एक्स-रेवरून दिसते, पण बीज पुढे नेण्याचे नाजूक काम ती नीट करते की नाही हे त्यात दिसत नाही. सौम्य स्वरूपाचा एंडोमेट्रिऑसिस सोनोग्राफीत बहुधा निसटतो. शुक्रजंतू व बीज यांचा संयोगच होत नाही, ही गोष्ट कित्येकदा आयव्हीएफच्या वेळी प्रयोगशाळेतच प्रथम उघड होते. बीजकोशात बीजे साधारण किती उरली आहेत याचा अंदाज एएमएच नावाच्या रक्ततपासणीने येतो. त्या बीजांचा कस त्यातून कळत नाही. वंध्यत्वाचा पूर्वेतिहास नसलेल्या स्त्रियांच्या एका अमेरिकन पाहणीत २०१७ मध्ये असे दिसून आले की, ज्यांचा हा आकडा कमी होता त्यांना गर्भ राहण्याची शक्यता इतरांपेक्षा कमी नव्हती. तरीही या एका आकड्याने घाबरलेली जोडपी थोडी नाहीत.

‘नॉर्मल’ या शब्दाचेही तसेच आहे. वीर्यतपासणीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेची सहावी आवृत्ती २०२१ मध्ये निघाली. तीतील किमान मर्यादा ज्या पुरुषांच्या पत्नींना वर्षाच्या आत गर्भ राहिला, त्यांच्या नमुन्यांवरून ठरविल्या आहेत. अशा पुरुषांपैकी तळाचे पाच टक्के जेथे संपतात, तेथे ही रेषा ओढलेली आहे. म्हणजे बाप झालेल्यांपैकीही काही जण या रेषेखाली असतातच. उलट रेषेच्या वर असणारा प्रत्येक जण बाप होईल, अशी हमी ती देत नाही. संख्याशास्त्राची ही रेषा दवाखान्यातून घरी येईपर्यंत दोष आणि निर्दोषत्व यांमधील सीमा बनते.

संभाव्यतेचे गणित

येथे थोडे गणित करणे अपरिहार्य आहे. निरोगी तरुण जोडप्याला एका महिन्यात गर्भ राहण्याची शक्यता साधारणतः पाचांत एक, म्हणजे २० टक्के धरू. अशी १०० जोडपी घेतली, तर वर्षअखेर त्यांपैकी सुमारे ७ जोडप्यांना केवळ योगायोगाने गर्भ राहिलेला नसेल. त्यांच्यात दोष काहीच नाही. फासा अनुकूल पडला नाही, इतकेच. आता दुसरी १०० जोडपी अशी घेऊ की, ज्यांची मासिक शक्यता केवळ ५ टक्के आहे. त्यांपैकी वर्षअखेर ५४ जोडपी अपत्याच्या प्रतीक्षेत असतील. ‘कारण न सापडलेल्या’ गटात ही दोन्ही प्रकारची जोडपी मिसळलेली असतात, आणि त्यांना वेगळे काढणारी एकही खात्रीची तपासणी आज उपलब्ध नाही.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. या ५४ जोडप्यांनी काहीही उपचार न करता आणखी एक वर्ष काढले, तरी त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना गर्भ राहील. दरम्यान या जोडप्यांनी कोणी नवस बोलले असतील, कोणी त्र्यंबकेश्वरास जाऊन नारायण नागबळी केला असेल, कोणी काढा घेतला असेल, तर कोणी इंजेक्शने टोचून घेतली असतील. ज्याला त्याला आपल्या उपायाचा गुण आला असेच वाटणार. ज्यांना गुण आला नाही ती माणसे गप्प राहतात. देवस्थान असो, वैदू असो की वातानुकूलित दवाखाना असो, प्रत्येकाच्या भिंतीवर यशस्वी झालेल्यांचीच छायाचित्रे लागतात. म्हणूनच या क्षेत्रात ‘अमक्याला गुण आला’ या पुराव्याला काडीचीही किंमत नाही. उपचार घेतलेल्यांची तुलना न घेतलेल्यांशी झाली पाहिजे, आणि कोणी उपचार घ्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकून ठरले पाहिजे. सुदैवाने अशा चाचण्या झालेल्या आहेत.

उपचारांचा पुरावा

२००८ मध्ये स्कॉटलंडमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांहून अधिक काळ मूल नसलेल्या, मुख्यतः कारण न सापडलेल्या सुमारे ५८० स्त्रियांचे तीन गट पाडले गेले. सहा महिने केवळ वाट पाहणाऱ्या गटात १७ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफीनच्या गोळ्या घेणाऱ्या गटात १४ टक्के स्त्रियांना, आणि गोळ्यांविना आययूआय, म्हणजे शुक्रजंतू गर्भाशयात सोडण्याची क्रिया झालेल्या गटात २३ टक्के स्त्रियांना. हे फरक योगायोगाने पडू शकतील इतके लहान होते. नुसत्या गोळ्या देत राहण्याची पद्धत आपल्याकडे अजूनही रूढ आहे. तिला या चाचणीने कोणताही आधार दिला नाही.

याच्या उलट, गोळ्या व आययूआय यांची जोड घातली तर चित्र बदलते. न्यूझीलंडमधील २०१८ च्या चाचणीत, नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता कमी आहे असे आधीच अनुमान झालेल्या जोडप्यांना अशा संयुक्त उपचाराचे तीन प्रयत्न दिले गेले. त्यांपैकी ३१ टक्के जोडप्यांना मूल झाले. तेवढाच काळ थांबलेल्यांपैकी ९ टक्के जोडप्यांना. अमेरिकेतील ९०० जोडप्यांच्या २०१५ च्या चाचणीत महागडी गोनॅडोट्रोपिन इंजेक्शने व आययूआय घेणाऱ्यांना यश अधिक मिळाले, परंतु त्यांच्यातील सुमारे एकतृतीयांश गर्भधारणा जुळ्यांच्या वा तिळ्यांच्या होत्या. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बालके आणि मातेच्या जिवाला धोका, अशी किंमत त्या यशाला मोजावी लागते.

सर्वांत उद्बोधक निष्कर्ष नेदरलँड्समधील आहे. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी जे द्रव्य सोडतात, ते पाण्यावर आधारित असते किंवा तेलावर. सत्तावीस रुग्णालयांतील १,११९ स्त्रियांच्या या चाचणीत तैलद्रव्य वापरलेल्या गटातील सुमारे ३९ टक्के स्त्रियांना सहा महिन्यांत राहिलेल्या गर्भातून मूल झाले, तर पाण्याच्या द्रव्याच्या गटात हेच प्रमाण २८ टक्के होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की, मुळात करावयाचीच असलेली एक साधी तपासणी अंशतः उपचारही ठरू शकते.

तज्ज्ञांचेही सर्व बाबतींत एकमत नाही. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेने दोन वर्षे प्रयत्न करून नंतर आयव्हीएफकडे वळावे, असे सुचविले होते. युरोपीय तज्ज्ञसंघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेने औषधासह आययूआय हा पहिला उपचार मानला आहे. मात्र प्रकृतिमान चांगले असलेल्या तरुण जोडप्याला काही काळ थांबण्याचा सल्ला देणे हे वैद्यकीय कर्तव्यात बसते, याविषयी दुमत नाही. त्याचबरोबर, पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला ‘थांबा’ म्हणणे हा अपराध ठरू शकतो, याविषयीही दुमत नाही. वयाबरोबर बीजांचा कस उतरतो आणि आयव्हीएफलाही तो परत आणता येत नाही.

अनिश्चिततेचा बाजार

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये लिहिलेला वैद्यकीय सेवेवरील निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. आजार केव्हा येईल आणि उपचाराचा गुण येईल की नाही, या दोन्ही बाबतींत अनिश्चितता असते. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून सामान्य बाजाराचे नियम येथे चालत नाहीत व त्यांची जागा विश्वासाला घ्यावी लागते, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. कारण न सापडणारे वंध्यत्व हे याचे ठळक उदाहरण होय. येथे रोगाचे नाव नाही, यशाची खात्री नाही आणि अपयशाचा जाबही कोणाला विचारता येत नाही.

अशा बाजारात थांबण्याच्या सल्ल्यातून कोणाला उत्पन्न मिळत नाही, कृतीतून मिळते. खाजगी दवाखान्यात आयव्हीएफच्या एका प्रयत्नाचा खर्च औषधांसह लाखाच्या पुढे सहज जातो. पहिला प्रयत्न फसला की, ‘एवढे घातले, आता माघार कशी घ्यावी’ या विचाराने दुसरा होतो. बुडालेला खर्च पुढील निर्णयाचा आधार असू नये, असे आम्ही वर्गात शिकवितो. पण ज्या स्त्रीला प्रत्येक बारशाच्या वेळी आपली ओटी रिकामी असल्याची जाणीव करून दिली जाते, तिला हा सिद्धान्त ऐकविण्याचे धैर्य कोणा अध्यापकाला होईल?

पुढे मूळ उपचारावर जोडउपायांचा थर चढतो. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा काढण्याची क्रिया अनेक देशांत वर्षानुवर्षे पैसे घेऊन होत राहिली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओरखडा काढलेल्या व न काढलेल्या दोन्ही गटांत अपत्यजन्माचे प्रमाण सारखेच, २६.१ टक्के, निघाले. शुक्रजंतू निकोप असताना एकेक शुक्रजंतू सुईने बीजात टोचण्याची इक्सी ही महागडी पद्धत साध्या आयव्हीएफपेक्षा सरस ठरलेली नाही. ब्रिटनमधील नियामक संस्था अशा प्रत्येक जोडउपायाला पुराव्यानुसार श्रेणी देऊन ती जनतेसाठी प्रसिद्ध करते. आपल्याकडे हे काम शेजारीपाजारी आणि जाहिराती करतात.

परळचा धडा

३ ऑक्टोबर १९७८ रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातील पहिले टेस्ट ट्यूब बालक जन्मले. इंग्लंडमधील जगातील पहिल्या अशा बालकानंतर अवघ्या ७० दिवसांनी! सरकारी समितीने त्यांचा दावा धुडकावला. अवहेलना असह्य होऊन १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून, तेथीलच प्रजननविषयक संशोधनसंस्थेच्या साहाय्याने, आणखी एक बालिका जन्मली. तिची शास्त्रीय नोंद पूर्णपणे झाली. या संशोधनाचे एक प्रमुख डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी पुढे १९९७ मध्ये मुखोपाध्याय यांची कागदपत्रे तपासून पहिलेपणाचा मान त्यांनाच दिला. स्वतःकडचा मान असा सोडून देणे सोपे नसते.

यातील ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, परळचे ते यश एका महापालिकेच्या रुग्णालयातील होते. गिरणगावाच्या मध्यभागी सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या संस्थांनी ते मिळविले. त्यानंतर या विद्येचा विस्तार झाला तो बहुतांशी खाजगी क्षेत्रात. १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम राबविणाऱ्या देशाला ज्यांना मूल नाही त्यांची चिंता वाटली नाही, हे समजण्यासारखे होते. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले, तेव्हा संततिनियमनाचा उच्चारही अश्लील मानला जाई. आज तो शब्द शाळेच्या पुस्तकात आहे. वंध्यत्व मात्र अजून ‘घरगुती अडचण’च आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाचा एकूण जननदर २.० वर आणि महाराष्ट्राचा १.७ वर आला आहे. लोकसंख्येच्या भीतीने या प्रश्नाकडे पाठ फिरविण्याचे कारण आता उरलेले नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट तपासणीच्या क्रमाची. वीर्यतपासणी ही सर्वांत सोपी, स्वस्त आणि निर्धोक तपासणी आहे. वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडील घटकाचा काही ना काही वाटा असतो. असे असूनही पत्नीच्या तीन-चार तपासण्या, क्वचित लॅपरोस्कोपीही, उरकल्यानंतर पतिराज तपासणीस राजी होतात. पतीच्या तपासणीवाचून पत्नीवर कोणतीही शस्त्रक्रिया होणार नाही, असा दंडक प्रत्येक दवाखान्याने स्वतःला घालून घेतला पाहिजे.

दुसरी गोष्ट कायद्याची. साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या नियमनाचा कायदा २०२१ मध्ये संमत झाला व जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला. उपचारांपूर्वी यशाची शक्यता, खर्च, दुष्परिणाम व जुळ्यांचा धोका यांची कल्पना जोडप्याला देणे त्याने केंद्रांवर बंधनकारक केले आहे. परंतु एका केंद्राचे यश दुसऱ्याशी ताडून पाहता येईल असे आकडे सामान्य माणसाच्या हाती पडल्याखेरीज या तरतुदीला अर्थ येणार नाही. सुरू केलेल्या दर शंभर प्रयत्नांमागे जिवंत बालके किती, स्त्रियांच्या वयोगटानुसार किती, आणि जुळी किती, एवढे तीन आकडे प्रत्येक केंद्राच्या दारावर मराठीत लावणे सक्तीचे करावे. ‘गर्भधारणेचे प्रमाण’ हा जाहिरातीतील आकडा पुरेसा नाही. दांपत्याला घरी न्यावयाचे असते ते मूल.

तिसरी गोष्ट पैशाची. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून वंध्यत्वावरील उपचार वगळलेले आहेत. खाजगी आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांतही वंध्यत्वाचा समावेश आहे. मर्यादित संरक्षण देणारी काही विमापत्रे अलीकडे निघाली असली, तरी ती अपवादात्मकच होत. सर्वांना मोफत आयव्हीएफ द्या, अशी मागणी करणे सोपे आहे. परंतु साधनसंपत्ती मर्यादित असताना पहिला रुपया कोठे खर्चावा, हा खरा प्रश्न आहे. प्राथमिक तपासण्या, प्रामाणिक सल्ला आणि औषधांसह आययूआयचे तीन-चार प्रयत्न एवढी सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात झाली, तर कित्येक जोडप्यांना आयव्हीएफची गरजच पडणार नाही. ज्यांना पडेल त्यांच्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांत केंद्रे असावीत. गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बांबोळी येथील रुग्णालयात २०२३ मध्ये मोफत उपचारांचा आरंभ झाला, तो शेजारच्या मोठ्या राज्याने अभ्यासण्याजोगा आहे.

चौथी गोष्ट कायद्याच्या आणि अंदाजपत्रकाच्या बाहेरची आहे. ‘आम्हांला कारण सापडत नाही’ हे वाक्य डॉक्टरांनी न लाजता उच्चारावे आणि रुग्णांनी ते अकार्यक्षमतेची कबुली न मानता ऐकावे. कोठवर जावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हे पहिला रुपया खर्च होण्यापूर्वी पतिपत्नींनी दोघांत ठरवावे. सासरमाहेरच्या सभेत नव्हे. थांबल्यानंतर दत्तक घ्यावे किंवा दोघांनीच राहावे, हे दोन्ही मार्ग सारखेच मानाचे आहेत, हे समाजाने मान्य केले पाहिजे. हळदीकुंकवाला जिला बोलावले जात नाही, तिच्या दुःखाला कोणतीही प्रयोगशाळा उत्तर देऊ शकणार नाही; ते आपल्यालाच द्यावे लागेल.

ज्या दिवशी कर्जाच्या अर्जातील त्या रकान्यात एखादा अर्जदार ‘वंध्यत्वावरील उपचार’ असे सरळ लिहील, आणि कर्जसमितीला ते इतर आजारांप्रमाणेच एक साधे कारण वाटेल, त्या दिवशी या प्रश्नाची निम्मी उकल झाली असे समजावे. उरलेली निम्मी शास्त्रज्ञांनी व शासनाने करावयाची आहे, आणि तिला उशीर झालेलाच आहे.